चेन ताठ की ढिली

"कुणी ताठ केली ही चेन?" अंगणात उकिडवं बसून म्हाताऱ्यानं इंजिनाच्या सायकलीची चेन अंगठ्यानं दाबली आणि सकाळी सकाळी तोंडाचा पट्टा सोडला. "नुसती तार केलीय! आज तुटणार बघ!"

"आबा, तुम्ही हात लावू नका," त्याचा पोरगा दारातनं गुरगुरला. "काल सांजेला बोटभर ढील ठेवूनच बसवलीय मी."

"मग तुझ्या बोटालाच काही कळत नाही!"

सूनबाई गोठ्यात धार काढत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गाय बिचकायला नको म्हणून ती गप्प राहिली. रोजचंच रडगाणं ते. सायकलीला इंजिन बसवून घेतलं तेव्हा वाटलं होतं, डेअरीची वाट आता झटक्यात सरेल, दुधाचे कॅन ओढून छातीचा भाता व्हायचा नाही. कुठलं काय! चढावर इंजिनानं जोर धरला की चेन खळ्‌कन उतरायची. नवरा संध्याकाळी ती ताठ करायचा, सासरा पहाटे उठून ढिली करायचा. आणि तापल्या फुफाट्यात गुडघे टेकून, काळ्याकुट्ट हातांनी ती परत चढवायची कुणी? तर हिनं. दोन कारभारी आणि एक गाढव, असा सगळा मामला.

काल तर हद्द झाली. चढावर चेन उतरत राहिली, ऊन डोक्यावर आलं आणि दूध नासलं. डेअरीच्या मापाड्यानं कॅनात नाक घातलं आणि तोंड फिरवलं. "बाई, उद्या फाटक लागायच्या आत आलीस तर बरं. नाहीतर तुझ्या जागी दुसऱ्याचं दूध धरतो. माणसं उभीच आहेत बाहेर." घरात येणारं दुसरं काही नव्हतंच. रान भेगाळून पडलं होतं, ढेकळं पायाखाली विटांसारखी वाजत होती. घर तेवढ्या गाईनं धरून ठेवलं होतं.

कॅन भरून ती अंगणात आली, तर सायकल नेमकी वाटेत. "सरका जरा," म्हणत तिनं ती दोन हात पुढं ओढली आणि स्टँडवर चढवली.

"थांब, आबांना आता दाखवूनच देतो," म्हणत नवरा पुढं झाला, खाली बसला आणि त्यानं चेन दाबली. चेन चांगली लोंबत होती. तो ताडकन उठला. "केलीत ना ढिली! जरा नजर वळली की पाना फिरवलात!"

"मी? जिभेला काही हाड?" म्हाताऱ्यानंही चेन दाबली आणि त्याचे डोळेच विस्फारले. "अरे लबाडा! मला खोटं पाडायला तूच ढिली केलीस!"

"वा! चोराच्या उलट्या बोंबा!"

"बापाला चोर म्हणतोस?"

सूनबाई मात्र जागच्या जागी थबकली. पाना तिनं काल रात्री चुलीमागं लपवला होता, या दोघांचे हात शिवशिवू नयेत म्हणून. मग चेन ढिली केली कुणी? सायकल तर फक्त दोन हात पुढं आली होती.

ती खाली बसली. इंजिन चाकाला अडवू नये म्हणून क्लच दाबून अडकवला आणि तिनं मागचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. चेन ताठ झाली. आणखी फिरवलं, ढिली झाली. आणखी थोडं, परत ताठ. तिनं एक काडी घेतली आणि चाकाच्या आऱ्यांवर बसवलेल्या, चेन जिच्यावरनं फिरते त्या दातेरी चकतीला टेकवून घट्ट धरली. चाक फिरलं तसे दाते काडीपासून लांब गेले आणि परत येऊन तिला घासले. चकती मधोमध नव्हतीच! म्हणजे बापही खरं बोलत होता आणि लेकही. दोघांच्या खरेपणात हिचा मात्र जीव चालला होता.

"अहो, चकती एका अंगाला सरकलीय. चेन एका जागी ताठ होते, एका जागी ढिली."

"बघा आबा! मी म्हणत होतो ना ढिली आहे!"

"आणि ताठ आहे हे कोण बोंबलत होतं?"

"गप बसा दोघंही!"

सासऱ्यासमोर तिचा आवाज असा कधी चढला नव्हता. दोघंही दोन पावलं मागं सरले.

तिनं पाना आणला. चकतीचे नट सैल केले, लाकडाच्या ठोकळ्यानं एक हलका ठोका दिला, चाक फिरवलं, काडी धरली. परत ठोका, परत काडी. पाना सटकला आणि बोट सोलून निघालं. ऊन कुडावर आलं तशी तिला रडूच फुटायला लागलं. तिकडं फाटक बंद होत असेल आणि इकडं ही चकती ऐकायला तयार नाही! त्यात मागून सुरू झालंच, "अगं, उलटा पाना फिरवतेस," "अगं, जरा जोरात मार." तिनं मान वर केली नाही. शेवटी काडी चहूबाजूंनी सारखी घासली. नट आवळले, चेन अजून जिथं जराशी ताठ लागत होती तिथं बोटभर ढील ठेवली आणि सायकल रस्त्यावर काढली.

चढ आला तसा तिनं जीव मुठीत धरला. इंजिन घुरघुरलं, कॅन हिंदकळले, ती दात आवळून बसली. चेन उतरली नाही.

फाटकाचं एक दार लागलंही होतं. दुसऱ्यातनं तिनं पुढचं चाक घुसवलं. मापाड्यानं कॅनात नाक घातलं, दूध ओतून घेतलं आणि नळाखाली कॅन विसळायला खुणावलं. तिनं कॅनाबरोबर सोललेलं बोटही नळाखाली धरलं.

घरी आली तर अंगणात शेजारी जमलेले. बापलेक एकाच बाजल्यावर, कधी नव्हे ते खांद्याला खांदा लावून बसलेले.

"आम्ही दोघांनी डोकं लावलं," नवरा सांगत होता.

"चकतीत खोट आहे, हे मी पहिल्यापासून ओळखून होतो," म्हातारा म्हणाला.

आता मात्र तिच्या डोक्यात सणक गेली. तिनं सायकल स्टँडवर चढवली, पाना घेतला, चकतीचे सगळे नट सैल केले आणि चकतीला ठोकळ्याचा असा दणका दिला की चेन खळ्‌कन उतरली. मग पाना तिनं बाजल्यावर, दोघांच्या मधोमध ठेवला.

"बसवा. सगळ्यांसमोर बघायचंय मला."

बापानं लेकाकडं बघितलं, लेकानं बापाकडं. पान्याला कुणी हात लावला नाही.