पेरिझातचं सकाळचं रक्त

मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता. म्हणून सुनेच्या उशीखाली कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या सापडल्या, तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं. मूल नको म्हणून खातेय ही! पुडी उचलली आणि चुलीत टाकली.

माझा मुलगा एर्मेक मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात होता. घरी आम्ही सासू-सुना दोघीच.

संध्याकाळी पेरिझातनं विचारलं, "अपा, माझी एक पुडी होती…"

"कसली पुडी?" मी म्हटलं.

ती घागर उचलून पाणी आणायला गेली. पुडीत काय होतं ते तिनं का सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं. लोकरीचे जाड नमदे शिवून तिचे हात सुजायचे आणि मी म्हणायचे, "दोन टाके घातले की राणीसाहेबांचे हात दुखतात!" म्हणून तिनं बाजारातल्या बाईकडून सुजेवरच्या त्या गोळ्या गुपचूप आणल्या होत्या. दोन वर्षं रोज खात होती. तोंड गोल झालं, तर मी शेजारणीला सांगत होते, माझ्या घरचं लोणी मानवलं हिला.

चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी पहाटे दूध काढायला गेली ती गोठ्यातच पडली. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला नारिनच्या दवाखान्यात नेलं. दारिका नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. रक्तदाब सत्तर. सलाईन लावलं.

"काही औषध चालू होतं का हिला?"

"नाही," मी म्हटलं. सुनेच्या उशीखाली हात घातला हे परक्या बाईला कुठल्या तोंडानं सांगू? शिवाय एर्मेकला कळलं असतं.

दुसरी बाटली संपली, रक्तदाब जागचा हलेना. ओठ पांढरे पडले. दारिकाबाईंनी तिच्या दंडावरचे काळे-निळे डाग निरखले, गोल तोंडाकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाल्या, "कॉर्टिसोलसाठी रक्त घे. लगेच."

"ते काय असतं?"

"मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या ते तयार करतात. रक्तात सकाळी ते भरपूर असतं, आणि माणूस एवढं आजारी पडलं की आणखी वाढायला हवं. हिचं कमी निघालं, तर ग्रंथी बंद पडल्यात."

नर्सला शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा सुई आत फिरवली, तरी पोरीनं साधा हात आखडला नाही. ते बघून मी दारिकाबाईंचा हात धरला.

"गोळ्या होत्या," मी म्हटलं. "मी जाळल्या."

दारिकाबाई ओरडल्याच. "दोन तास झाले मी विचारतेय, अपा! दोन तास!" मग नर्सकडे वळल्या. "नळी भरली? दे स्टिरॉइडचं इंजेक्शन. रिपोर्टची वाट बघायची नाही."

मी भिंतीला डोकं टेकून बसले. देवाकडे मागायचीही लाज वाटत होती. तासाभरानं पेरिझातनं पाणी मागितलं.

दुपारी रिपोर्ट आला. रक्तात कॉर्टिसोल नावालाच होतं. ग्रंथींचं काम इतके दिवस त्या स्टिरॉइडच्या गोळ्याच करत होत्या, म्हणून ग्रंथी झोपून गेल्या होत्या. गोळ्या एकदम बंद झाल्या आणि अंगात काहीच उरलं नाही.

ती उठून बसल्यावर तिला मीच सांगितलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाली.

ती कोचकोरला माहेरी गेली. एर्मेक खाली आला, सगळं ऐकलं आणि तिच्या मागोमाग गेला. आता गोळ्या दारिकाबाई देतात, थोड्याथोड्यानं कमी करतात. दर तीन महिन्यांनी सकाळी आठला, त्या दिवशीची गोळी न घेता, रक्त द्यायचं. मी दर वेळी जाते. बाहेरच्या बाकावर बसते. कोणी बोलावत नाही, कोणी हाकलतही नाही.

पहिल्यांदा कॉर्टिसोलचा आकडा होता तसाच. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी जरासा वर आला. दारिकाबाई म्हणाल्या, "पुरेसा नाही. आणि ग्रंथी पूर्ण जाग्या होतीलच, असं वचन मी देत नाही."

त्या दिवशी पेरिझात माझ्यापाशी येऊन थांबली. हातात घडी घातलेला कागद होता. ती पुन्हा कोसळली तर कुठलं इंजेक्शन, कुठे, किती, ते त्यावर लिहिलं होतं.

"वाचून ठेवा," ती म्हणाली आणि एर्मेकबरोबर गाडीत जाऊन बसली.

मी चष्मा लावला. अक्षरं दिसेनात. चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.