जतीनच्या गाडीचा ताप

डहाणूच्या जतीन सावेने सुपरचार्जरवाली गाडी घेतली, तेव्हा ती जोरात पळते याच्यापलीकडे त्याला तिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. चिकूच्या वाडीपासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर पळायला जागाच नव्हती. तरी सकाळी ती सुरू झाली की वाडीतले कावळे उडायचे, आणि आपण कुणीतरी झालो असं जतीनला वाटायचं. कुणी नुसतं बघितलं तरी तो बॉनेट उघडायचा. "आपल्या साध्या गाड्या हवा ओढतात. हिच्यात हवा कोंबतात!" बघणारा मान डोलावून आपल्या कामाला निघून जायचा.

झरीच्या पुढे एका बिल्डरने करमणूक नगरी काढली होती. ती काही उभी राहिली नाही, पण तिच्यासाठी केलेला वळणावळणांचा डांबरी ट्रॅक तेवढा शिल्लक राहिला. एखाद्या रविवारी हौशी मंडळी तिथे गाड्या पळवायला जमायची. वापीची हर्षदा नावाची इंजिनीअर हा सगळा कारभार बघायची.

जतीन पहिल्यांदा गेला तो नवे हातमोजे घालून. बरोबर बायको मयूरी होती आणि थोरला चुलतभाऊ प्रितमदादा होता. प्रितमची बायको रिया मागून घरातली लहान गाडी घेऊन आली, कारण जेवणाचे डबे कुणीतरी आणायला हवे होते. हर्षदा तिला म्हणाली, "आलाच आहात तर तुम्हीपण मारा की दोन फेऱ्या." रियाने मुलाची सीट काढून बाजूला ठेवली आणि हेल्मेट घातलं.

जतीनच्या पहिल्या दोन फेऱ्या झोकात झाल्या. तिसऱ्या फेरीत गाडीचा दम गेला. पाय दाबावा तर ती नुसती कण्हायची. समोर गाडी तापल्याचा दिवा लागला, आणि तेवढ्यात उजवीकडून रियावहिनी पुढे गेल्या. बरं, गेल्या तर गेल्या, जाताना त्यांनी 'थँक्यू' म्हणून हातसुद्धा वर केला. तो हात जतीनला फार लागला.

गाडी बाजूला घेतल्यावर हर्षदाने बॉनेटवर कान लावला.

"सुपरचार्जर हवा दाबतो. दाबली की हवा तापते, आणि हवा तापली की इंजिन जपायला गाडी आपणहून ताकद कमी करते. म्हणून ती हवा गार करायला वेगळं पाणी फिरतं, त्याला एक छोटा पंप असतो. त्याचा आवाज येत नाहीये मला. आधी तो बघून घ्या."

"पंप?" जतीनचा चेहरा उतरला. छातीत कळ येते म्हणून मोठ्या डॉक्टरकडे जावं आणि त्याने गॅसची गोळी लिहून द्यावी, तसं झालं. एवढ्या गाडीला एवढासा आजार त्याला पटेना.

प्रितमलाही पटला नाही. प्रितम मोबाईलवर व्हिडिओ बघून गाड्यांचा जाणकार झालेला होता. त्याच्या स्वतःच्या स्कूटरची किक लागत नव्हती, पण त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

"ती बाई घाबरट आहे रे," तो म्हणाला. "तुला अपग्रेड लागतात. परदेशात सगळे तेच करतात."

मग पडवीत झोपाळ्यावर बसून दोघांची निवड सुरू झाली. सुपरचार्जरच्या पाण्यासाठी मोठा रेडिएटर घ्यावा की इंजिन ऑईलसाठी कुलर? की गिअरबॉक्सच्या ऑईलचा कुलर? तापतंय नेमकं काय, पाणी, ऑईल की हवा, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. पाइप निळे घ्यावेत की लाल, यावर मात्र तासन् तास चर्चा झाली.

मयूरी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, बेडरूमचा एसी गळतोय कधीचा. त्याचंही एखादं अपग्रेड बघा ना."

"तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. मला फक्त खालची बादली बदलायचं कळतं."

शेवटी तिन्ही घ्यायचं ठरलं. पाइप निळे. शिवाय डिकीत बर्फाची टाकी. सुपरचार्जरचं पाणी त्या बर्फातून फिरवून आणायचं, ही प्रितमची खास सूचना होती. हायवेवरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं तसं सगळं बसवून दिलं. पुढच्या जाळीमागे तिन्ही रेडिएटर एकापुढे एक असे बसले की जतीनने त्यांचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले.

पुढच्या ट्रॅकच्या दिवशी पहाटे त्याने बंदरावरून बर्फाचा चुरा भरून घेतला. बर्फ चांगलाच होता, पण क्रेट आदल्या दिवशी बोंबलांचा होता. कासा येईपर्यंत गाडीत असा वास कोंडला की मयूरीने खिडकी खाली केली आणि तलासरीपर्यंत तोंड बाहेर काढून बसली.

"थोडं सहन कर. हा परफॉर्मन्सचा वास आहे."

"मग परफॉर्मन्स जरा धुऊन आणायचा होता."

पहिली फेरी अप्रतिम झाली. गाडी अशी सुटली की जतीन एकटाच ओरडला. दुसऱ्या फेरीत मात्र तापमानाचा काटा वर चढायला लागला, तो चढतच राहिला, आणि लांबच्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. जतीन दार उघडून पळाला, पण नवे हातमोजे आत राहिले म्हणून परत आला. रियावहिनींनी गाडी हळू केली, हा ठीक आहे एवढं बघितलं आणि पुढे गेल्या.

ट्रॅक्टरला बांधून गाडी आणली. हर्षदाने पुढून बघितलं आणि जाळीवर बोट ठेवून एकेक रेडिएटर मोजला.

"इंजिनचा मूळ रेडिएटर कुठे आहे?"

"मागे."

"आणि त्याच्यापुढे तुम्ही तीन भिंती बांधल्या. त्याला वारा लागणार कुठून? सगळं गार करायच्या नादात इंजिनच उकळलं की!"

मग तिने डिकीतली टाकी उघडली. गाळणीत बोंबलांच्या शेपट्या अडकल्या होत्या. तिने पुढचा तो छोटा पंप काढून हातात घेतला. तो केव्हाच मेलेला होता. टाकीचा पंप वेगळा होता म्हणून पहिली फेरी तेवढी निभावली होती.

प्रितमने टाकीतल्या उरलेल्या बर्फात सोड्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. त्या कुणी प्यायल्या नाहीत.

इंजिनाचं नशीब थोर, ते वाचलं. हर्षदाने नवा पंप बसवला, दोन्ही ऑईल कुलर आणि बर्फाची टाकी उतरवली. मोठा रेडिएटर मात्र राहू दिला. "हा कामाचा आहे. पण पळवलीत की मध्ये एक फेरी सावकाश मारा. तिलापण श्वास घेऊ द्या."

पुढच्या खेपेला गाडी जराही तापली नाही. ऊन मी म्हणत होतं, तरी काटा जागचा हलला नाही. जतीन एकामागून एक फेऱ्या मारत राहिला, आणि रियावहिनी त्याला पुन्हा मागे टाकून गेल्या. या वेळी दिवा लागला नव्हता, ताकद कमी झाली नव्हती, वाफ नव्हती. जतीन हताश होऊन काट्याकडे बघत होता. एरवी देवाकडे कुणी मागणार नाही असं काहीतरी तो मागत होता: थोडीशी तरी तापू दे.

जेवायला बसल्यावर रियाने भीतभीतच विचारलं, "भावोजी, रागावू नका हं. वळणाआधी तुम्ही डोळे मिटता का?"

"छे! कोण म्हणतं?"

"मिटतात," मयूरी म्हणाली. "घाटातपण मिटतात."

हर्षदा हसू दाबत म्हणाली, "एक करा. तुमची गाडी यांना चालवू द्या. तुम्ही शेजारी बसा."

जतीनने नाइलाजाने किल्ली पुढे केली. रियाने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला आणि गाडी सोडली. पहिल्याच वळणाला जतीनला कळलं की आपली गाडी कशी आहे हे आपण आजवर बघितलंच नाही. दुसऱ्या वळणाला त्याने दाराची मूठ धरली. तिसऱ्याला त्याने आईला हाक मारली, मग कुलदैवताला, मग नुसतंच "वहिनी, वहिनी, वहिनी!" सावकाश फेरीच्या वेळी रियाने त्याला पाणी पाजलं.

गाडी थांबल्यावर तो उतरला आणि थोडा वेळ दाराला धरून उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. मंडळी जमली होती. या गाडीला एका फेरीला कधी नव्हे इतका कमी वेळ लागल्याचं हर्षदाने सगळ्यांसमोर जाहीर केलं. टाळ्या पडल्या. रियाने हेल्मेट काढून केस बांधले.

जतीनने घसा खाकरला, खांदे मागे घेतले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"बघितलंत? कुलिंग नीट असलं की कुणीही चालवू शकतं."