साहेब नवरा छे

महाराज विलायतेला गेले, की बडोद्यात जो तो साहेब महाराज होतो. दौऱ्यावर निघालेले वहिवाटदारसाहेब, म्हणजे तिथले मामलेदार, गावकऱ्यांना आपल्या पेट्या फुकट डोक्यावर वाहायला लावत. त्या वेठीविरुद्ध आमच्या श्रीपतकाकांनी करजणच्या बाजारात भाषण ठोकलं आणि अर्ध्या वाक्यावर पकडले गेले. पुरावा एकच, जमादार सुभानरावांची वही. भाषण गुजरातीत, आणि जमादार साताऱ्याहून येऊन जेमतेम दीड महिना झालेला!

"वाचा," काकांचे वकील म्हणाले.

जमादारांनी छाती फुगवली. "आरोपी म्हणाला, वहिवाटदारसाहेब नवरा आहेत, आपलं सामान त्यांनी स्वतः उचलावं."

"कुणाचा नवरा?"

"ते तपासात निष्पन्न झालं नाही, साहेब."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांना गुजराती पक्कं येत होतं, ते रुमालात खोकत बसले. मी ओठ चावत होते, कारण तो शब्द माझा होता! मीच काकांना म्हटलं होतं, "गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामटेकडा. तेच म्हणा, टाळ्या पडतील." पडल्याच की!

वकिलांनी हात पसरले. "वहिवाटदारसाहेब विवाहित आहेत, हे सांगणं राजद्रोह आहे का?"

"मला तरी गुन्हा दिसत नाही," न्यायाधीश म्हणाले. "आरोपीला काही सांगायचंय?"

नाही म्हणा, काका, नाही म्हणा! वकिलांनी तर त्यांचा पाय तुडवला.

"सांगायचंय," काका पाय सोडवत म्हणाले. "पेट्या वाहून वाहून करजणच्या लोकांच्या माना मोडल्या. उद्या त्यांनी ऐकायचं, की मी साहेबांच्या लग्नाबद्दल बोललो? 'नवरा' म्हणजे रिकामटेकडा. तसंच लिहा."

"शब्द विचार करून वापरलात?" न्यायाधीशांचा चेहरा पडला.

"तीन दिवस शोधत होतो." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही!

तीन महिन्यांची सजा झाली.

काकांना बाहेर नेत होते, तेव्हा मी धावत दार गाठलं. "सुटत होतात ना! काकूला काय सांगू? तिनं पुरण घातलंय!"

"तू खा. आणि मंगळवारी करजणच्या बाजारात जाऊन माझं वाक्य पुरं कर. घाबरशील?"

"मी?" माझा आवाज चिरकला, पण मान मी ताठच ठेवली.

सुभानरावांनी लगबगीनं वही काढली. "मंगळवारी किती वाजता?"

"दहाला," मी म्हटलं. "आणि जमादार, तोवर थोडं गुजराती शिकून या."