दोन दहा ते चार दहा

साध्या माणसाचा अख्खा जन्म एका पातळ फाइलीत मावतो आणि वर जागा उरते. राष्ट्राध्यक्षांच्या एका दिवसाला मात्र सात खोकी लागतात. फाटकावरची वही, गाड्यांची वही, टेलिफोनच्या चिठ्ठ्या, स्वयंपाकघराच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांवर टाइप केलेला नऊ पानी दिनक्रम. पाच चाळीसला उठले. पाच पंचावन्नला दाढी. साडेसहाला बागेत दोन फेऱ्या. आणि दुपारी दोन दहा ते चार दहा : फाइली वाचल्या.

‘फाइली वाचल्या’ म्हणजे झोपले. अभिलेखागारातल्या शिपायालाही हे ठाऊक. देशाचा बाप दुपारी झोपत नसतो, तो फाइली वाचतो.

ही खोकी चव्वेचाळीस वर्षं सीलबंद होती. यंदा सील निघालं आणि ती आली नोंदणीच्या बाईंच्या टेबलावर. बाई या खात्यात अठ्ठावीस वर्षं घासत होत्या. गुडघे गेले, चष्म्याचा नंबर वाढला, तीन संचालक आले नि गेले. पण त्या नोकरीला लागल्या होत्या ते याच दिवसाच्या पायी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी पावणेचारच्या सुमारास नदीचा बंधारा फुटला. खालच्या मजूर वस्तीतली एकेचाळीस माणसं गेली. वस्ती हलवायला लष्कराच्या गाड्या हव्या होत्या, आणि राष्ट्राध्यक्षांच्या तोंडचा हुकूम असल्याशिवाय एक चाक हलायचं नाही असा तेव्हाचा कायदा. चौकशी बसली. चौकशीने सांगितलं की बंधाऱ्यावरच्या अभियंत्याचा फोन वर पोचलाच नाही, कारण टेलिफोनवरचा माणूस ड्यूटीवर झोपला होता.

टेलिफोनवरचा माणूस म्हणजे बाईंचे वडील.

त्यांची नोकरी गेली. गल्लीने त्यांना नाव दिलं झोप्या. शाळेत पोरी बाईंच्या मागे उभ्या राहून घोरून दाखवायच्या. तेव्हापासून त्या माणसाने दिवसाउजेडी डोळा मिटला नाही. न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा डोळे टक्क उघडे. आता वय एक्याऐंशी, तरी दुपारभर खिडकीशी ताठ बसतात. मान जरा कलली की दचकून आजूबाजूला बघतात, कुणी पाहिलं तर नाही ना.

बाईंनी टेलिफोनच्या चिठ्ठ्या ओवलेली तार पहिल्याच दिवशी तपासली. दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत एकही चिठ्ठी नाही. त्यांना रडू आलं नाही, रागही आला नाही. अठ्ठावीस वर्षांनंतर माणूस रागावायलाही थकतो. त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकण लावलं.

चौथ्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या चिठ्ठ्यांवर आल्या. या कच्च्या. पक्की नोंद झाली की कच्च्या चिठ्ठ्या लगदा करायला गाडीत जातात, आणि गाडी शुक्रवारी यायची होती. ‘चहा एक, बिस्किटं दोन. चार दहा. आत्ताच उठले, साखर कमी.’ आचाऱ्याचं वेडंवाकडं अक्षर. त्या बिचाऱ्याला ‘फाइली वाचल्या’ लिहायचं कुणी शिकवलं नव्हतं.

चिठ्ठी उलटी ठेवताना मागचं अक्षर दिसलं आणि बाईंचा हात थांबला. पाचाच्या आकड्याला मागे शेपूट. याच हाताने त्यांच्या पाटीवर पाढे काढून दिले होते.

‘२.२५. बंधारा, अभियंता. तातडीचे. वस्ती हलवण्यास गाड्या. खासगी सचिवांस जोडून दिला. उत्तर : उठवू नका. २.४०. पुन्हा. उत्तर : तेच. ३.०५. पुन्हा. उत्तर : तेच.’

त्या वर्षी कागदाची टंचाई होती. एका बाजूने वापरलेला कागद राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात रद्दीच्या ट्रेमध्ये पडायचा आणि स्वयंपाकघर त्याची कोरी बाजू वापरायचं. ज्याने कुणी ही चिठ्ठी तारेतून उपसली, त्याला ती जाळायचाही कंटाळा आला. टाकली ट्रेमध्ये. आणि थोड्याच वेळात आचाऱ्याने तिच्या पाठीवर चहा लिहिला. एवढी मोठी थाप, आणि ती निस्तरायची अक्कल एवढीशी!

बाई चिठ्ठी घेऊन संचालकांकडे गेल्या. साहेब प्रदर्शनाच्या काचपेट्यांची मापं बघत होते. ‘राष्ट्राध्यक्षांचा एक दिवस’ असं प्रदर्शन होतं, आणि सगळ्यात भरगच्च नोंदी याच दिवसाच्या म्हणून तो निवडला होता. भरगच्च असणारच. घोटाळा झाला की कागद वाढतात.

साहेबांनी चिठ्ठी दोन्हीकडून वाचली. मग टेबलावर चहाची बाजू वर करून ठेवली.

“स्वयंपाकघराची आहे, बाई. कच्ची.”

“मागे बघितलंत ना, साहेब?”

“मागचं आपण बघत नाही. मला निवृत्तीला सात महिने राहिलेत. सात महिने मला सुखाने काढू द्या.”

“माझ्या वडिलांनी चव्वेचाळीस वर्षं काढली.”

साहेबांनी वर पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नव्हता. फक्त खुर्चीच्या आकाराचा झाला होता. “अहो, मग तर तुम्ही हात लावायलाच नको होता,” ते हळूच म्हणाले. “शुक्रवारी गाडी येतेय. गाडीत जाऊ दे. तुम्हीही सुटाल, मीही.”

बाई जागेवर परतल्या. शेजारच्या टेबलावरचा बाइंडर खळीचा ब्रश पुसत होता.

“काय ताई, साहेबांनी काचपेटीत बसवलं वाटतं तुम्हाला? चेहरा तसाच झालाय.”

“नंबराचं यंत्र द्या इकडे.”

“कच्च्याला नंबर? डोकं फिरलं काय तुमचं?”

“हो.”

ते यंत्र लोखंडाचं होतं. दाबलं की आकडा उमटतो आणि पुढचा आपोआप चढतो. मागे फिरवायची सोय नाही. एकदा नंबर पडला की तो कागद सरकारचा. गहाळ झाला तर नऊ सह्यांची समिती, मंत्रालयाला खुलासा. खात्यातला प्रत्येक जण या एका यंत्राला भितो. बाईंनी चिठ्ठी पालथी केली, शेपटीच्या पाचाशेजारी यंत्र टेकवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. खट्. ६१८४०.

बाइंडरने वाकून वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, “त्याला पाकीट लागेल ताई. जाड देतो.” आणि हसला नाही.

साहेबांना त्यांनी स्वतः जाऊन नंबर सांगितला. साहेबांनी कपाळाला हात लावला. “आता मला हे वर कळवावं लागणार.”

“कळवा. तोच तर नियम आहे.”

घरी वडील खिडकीशी ताठ बसले होते. बाईंनी चप्पल काढली आणि तशाच समोर बसल्या. चिठ्ठी, चहा, नंबर, सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, म्हातारा रडेल. निदान पाठ टेकेल.

“किती वेळा लिहिलंय?” वडिलांनी विचारलं.

“तीन वेळा, बाबा.”

“चारदा आला होता फोन.”

“चौथा नाही लिहिलेला.”

“काय लिहिणार? पावणेचारला आला. म्हटलं, जोडतो, थांबा. तर अभियंता म्हणाला, नको, राहू द्या आता. माझ्या घरी तेवढं कळवा. आणि पत्ता सांगायला लागला. अर्धाच सांगितला. मग नुसतं पाणी.” वडिलांनी गुडघ्यावरचा हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “लोक झोप्या म्हणाले त्याचं काही नाही ग. त्या बिचाऱ्याच्या घरी कळवायचं राहिलं.”

 बाई उठल्या, पिशवीतून कोरा कागद नि पेन काढलं आणि खाली बसल्या.

“सांगा. वेळेपासून सांगा.”

“तीन पंचेचाळीस,” वडील म्हणाले. आणि मग सावकाश, एकेक शब्द नीट लावत, त्यांनी तो अर्धा पत्ता सांगितला.

बाईंनी वेळ त्यांच्याच हाताने लिहून घेतली आणि खाली त्यांची सही घेतली. पाचाला अजून शेपूट होतं. ऑफिसात यंत्रावर ६१८४१ चढून बसलेलाच होता.