टेपवरचा दोरा

“हा दोरा कुठून आला इथं? त्या दिवशी दोरा संपलेला माझा,” सिंकखालच्या कपाटातून नळमामा पुटपुटले. “आपण जोड करून जायचं आणि मागनं लोकांनी त्यात बोटं घालायची. वा रे वा.”

मी शेजारीच फरशीवर उकिडवी बसले होते. हातात बॅटरी. ती बोटं कुणाची, ते मला ठाऊक होतं.

नळमामा हे नाव आमच्या लेकीनं ठेवलेलं. पाच वर्षांची असताना तिनं बाहुलीचा बूट बेसिनच्या भोकात सारला आणि मामांनी तो तारेच्या आकड्यानं सहीसलामत बाहेर काढला, तेव्हापासून. त्याला बावीस वर्षं झाली. या घरातला एकही नळ असा नाही, ज्याचा कान मामांनी पिळलेला नाही. जिभेनंही फटकळ. मी नळ करकचून बंद करायची, तर म्हणायचे, “नळ आणि नवरा फार आवळू नये ताई, आटे जातात.” आमचे हे जवळपास असले तर जोरात मान डोलवायचे.

गेल्या वर्षापासून मात्र मामांची पाठ वळली, की तासाभरात गळायला लागायचं. फ्लशची टाकी दुरुस्त केली, ती दिवसभर झुळझुळत राहिली. बेसिनचा नळ बदलला, तर खाली तळं. शेवटी मी त्यांच्या लेकाला फोन केला. तोही याच धंद्यातला, चाळिशीचा, बापासारखा बोलका नाही. त्यानं जोड उघडला आणि नुसता बघत बसला. नट तिरका चढवून तसाच पान्ह्यानं दामटला होता, पितळेचे आटे पार खरवडून गेलेले.

“काकू, बाबांना दिसत नाही आता नीट. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. त्यांना कळतंय. पण ते बोलत नाहीत, मग आम्हीही बोलत नाही.” नवा नट चढवता चढवता तो म्हणाला, “तुम्ही त्यांनाच बोलवत जा. ते गेले, की मला फोन करा.”

“आणि बाकीची घरं?”

“तिथंही जातो मी.”

म्हणजे बाप सकाळी काम करणार, लेक दुपारी तेच काम पुन्हा करणार आणि मधल्या मध्ये आम्ही “वा मामा, झकास” म्हणणार. मला वाटायचं, केवढे चांगले आहोत आपण.

आजची चूक माझीच. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. उगीच मामांना कशाला दमवा, म्हणून मी सरळ लेकालाच फोन लावला. उचलला मामांनी. “तो अंघोळीला गेलाय. काय गळतंय? अहो, मग त्याला कशाला, मी आहे की!” अर्ध्या तासात दारात हजर. आमच्या ह्यांना नेमकी तेव्हाच भाजी आणायची आठवण झाली. गेले, पिशवी न घेताच.

नळाचा वायसर बदलायचा, तर आधी खालचा कॉक बंद करायला हवा, म्हणून मामा कपाटात शिरले होते. तिथला जोड गेल्या महिन्यात त्यांनीच केलेला. दुसऱ्या दिवशी लेकानं.

“बॅटरी धरू का मामा?”

“नको. याला दिसतं.” त्यांनी अंगठा वर केला आणि मग तोच अंगठा जोडावरून फिरवला. एकदा सुलटा, एकदा उलटा. पुटपुटणं थांबलं.

“ताई, हल्ली सगळे नुसती टेप गुंडाळतात आणि पळतात. टेपवर सुती दोऱ्याचे दोन फेरे, आणि टोक आत खोचलेलं, हे या गावात दोनच माणसं करतात. एक मी. आणि दुसऱ्याला मी शिकवलं.”

मामा सरपटत बाहेर आले आणि कपाटाच्या दाराला टेकून बसले. कोरडे हातच फडक्याला पुसत राहिले.

“किती घरी?”

“मला काय माहीत, मामा.”

“ताई.”

“बहुतेक सगळ्याच.”

पाइप अर्धा इंची की पाऊण, हे सांगितल्यावर डोलवावी तशी त्यांनी मान डोलवली.

“रोज जेवताना विचारतो, बाबा, आज कुठं कुठं गेला होता? मी सांगतो. अमक्याकडं टाकी बसवली, तमक्याची मोरी तुंबली होती ती मोकळी केली. चांगलं तिखटमीठ लावून सांगतो. तो हं हं करत ऐकतो. मी बायकोला म्हटलंसुद्धा, पोराला बापाच्या कामाचं केवढं कौतुक आहे बघ.” ते हसल्यासारखे झाले. “तो पत्ते टिपून घेत होता.”

मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि नळाला लागले. जुना वायसर निघाला. नवा बोटांतून निसटून सिंकमध्ये पडला. चाचपून उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा बसला. वर्षभर मी या वेळेला चहाचं निमित्त करून पाठ फिरवत आले होते. आज पहिल्यांदा समोर उभी राहून पाहिलं. नळाचं डोकं आट्यांवर वाकडं टेकलं आणि पान्हा फिरला तसं पितळ करकरलं. माझा हात पुढं गेला, मागं आला.

“सरळ बसला का?” मामांनी विचारलं. बावीस वर्षांत त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं.

“बसला,” मी म्हणाले. सवयीनं.

मामांनी पान्हा सोडला नाही, फिरवलाही नाही.

“पेल्यात ओतताना पाणी सांडलं, म्हणून बायकोला विचारलं तर म्हणते, पाणी काय, कुणाच्याही हातून सांडतं. पोराचं तर आता कळलंच. ती दोघं माझी आहेत, त्यांना नाही जमायचं. तुम्ही परक्या. तुम्ही सांगा.”

परक्या. लागलं मला. आणि लगेच कळलंही, की मला सोपं जावं म्हणूनच ते तसं म्हणाले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पान्ह्यासारखाच गार होता तो.

“तिरका बसलाय, मामा,” मी म्हणाले. “तुमच्या हातून हे काम आता होत नाही. वर्षभर होत नाहीये.”