तिसरी फेरी

“बंद दार म्हणजे निरोगी घर नव्हे. तीनदा जायचं. आणि त्याच्या बदली शेजारचं घर घ्यायचं नाही, कळलं?”

आमच्या प्रयोगशाळेच्या बाई दर पाहणीच्या आधी हे सांगत. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरून ते पुन्हा वदवून घेतलं. मी हो म्हटलं.

क्षयाची पाहणी म्हणजे आज या वस्तीत किती जण आजारी आहेत ते मोजायचं. नुसते यंदाचे नवे नव्हेत. जुना रुग्ण बरा होईपर्यंत त्यात असतोच. घरं चिठ्ठ्या टाकून निघतात. “हसतमुखानं दार उघडणारे तेवढेच मोजलेत,” बाई म्हणायच्या, “तर आकडाही हसतमुखच येईल.”

या खेपेला एकशे चौदा नंबरची चिठ्ठी माझ्या धाकट्या बहिणीच्या घराची निघाली. ती एकटीच राहते.

वडिलांच्या आजारपणात त्यांचं सगळं तिनं केलं. मी लोकांच्या थुंकीत जंतू शोधत राहिले. ते गेले त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “ताई, तू जगाचं मोजत बस. इथं येऊ नकोस.” सहा वर्षं झाली. सकाळच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतल्याशिवाय मी पाणी पीत नाही. पण तिच्या दाराशी गेले नव्हते.

पाहणीसाठी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा आतून खोकला ऐकू आला. मी हाक मारली नाही. तोंडावरचा मास्क तेवढा वर ओढून घेतला.

ड्रायव्हरकाका जिन्यात घाम पुसत होते. “ताई, हे दार काही उघडायचं नाही. शेजारणीचं घ्या की. बिचारी थुंकीची डबी मागून घेतेय. खोकायची भारी हौस तिला.”

मी हसले. आणि एकशे चौदासमोर शेजारणीचा नमुना लिहिला.

आज सकाळी त्या नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सगळीकडे निळं, क्षयजंतूची लाल काडी एकही नाही. वहीत ‘नाही’ लिहायला पेन टेकवलं आणि तो खोकला आठवला. लहानपणी आम्ही एकाच पांघरुणात झोपायचो. रात्री खोकला आला की वडील जागे होऊ नयेत म्हणून ती माझ्या पाठीत तोंड खुपसायची. पाठीला अजून ते ठाऊक आहे.

मी शेजारणीची नोंद खोडली आणि बाजूला सही केली.

“अहो, अहवाल उद्या जायचाय,” पलीकडच्या टेबलावरून साहेब म्हणाले. “एका घरानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“एक फेरी राहिलीय,” मी म्हटलं.

झाकणाची डबी घेतली, तिच्यावर ११४ लिहिलं. गाडी मागवली नाही. मास्क पिशवीत टाकला. आधी हाक मारायची, मग तो लावायचा. तिला आवाज ओळखता यायला हवा.

प्रयोगशाळेचं दार हळूच ओढून घेतलं आणि चालू लागले.