पाचव्या कलमाची गाठ

१७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेचे कागद छापून झाले आणि छापखान्याचा मालक केसलर याने लगेच फर्मान सोडलं, "बाई, जुळवलेले खिळे सोड आता. पंचांग छापायचंय, अक्षरं कमी पडतायत."

हेप्झिबा जागची हलली नाही. वीस वर्षं छपाईचे खिळे जुळवून ती शिशाची उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायची, आणि आज तिचं बोट पाचव्या कलमाशी अडलं होतं.

"मालक, हे पुढे बदलता येईल, असं यातच लिहिलंय."

"मग?"

"घटना लिहिणारे चार महिने दारं-खिडक्या लावून भांडले आणि शेवटी स्वतःच म्हणतात, चुकलं असेल तर दुरुस्त करा! यांना शहाणे म्हणायचं की घाबरट?"

"इंग्लंडच्या राजाने कधी दिलं होतं असं लिहून?" मालक खेकसला.

"म्हणजे पुढे दुरुस्ती करायला हाच मजकूर लागणार," हेप्झिबा म्हणाली. मग तिने सुतळी घेतली आणि जुळवलेला मजकूर न सोडता तसाच बांधायला घेतला.

"अगं, माझं पंचांग!" मालकाने कपाळाला हात लावला. पण त्याचीही नजर त्या कलमावरून हलेना.

"निरगाठ नको," तो शेवटी म्हणाला. "सुरगाठ मार."